घरी शिवलेली दणकट पँट : घसाऱ्यावर बसून उतरलं तरी उसवू नये म्हणून

उसवलेला_गडी | 14 जून, रात्री 10:52

गेल्या चार वर्षांत माझ्या पाच पँटी एकाच जागी गेल्या. गुडघे शाबूत, खिसे शाबूत, चेन शाबूत. आसन, म्हणजे दोन पाय जुळतात तो बसायचा भाग, मात्र फर्रकन. शेवटची गेली ती राजगडच्या चोर दरवाजाखाली, घसाऱ्यावर बसून सरकताना. कमरेला शर्ट बांधला आणि परतीच्या एसटीत जागा असूनही स्वारगेटपर्यंत उभा राहून आलो. कंडक्टर दोनदा "बसा की" म्हणाले.

मग हट्टाला पेटलो. घरात आईची काळी पायमशीन आहे, तिच्या लग्नातली. पडद्यांना दुमड घालण्यापलीकडे माझी मजल नव्हती. फाटलेली पँट पूर्ण उसवली, इस्त्री करून तुकडे सपाट केले आणि तेच नमुना म्हणून वापरले. रविवार पेठेतून 12 औंसाचं (चौरस यार्डाला एवढं वजन) डेनिम आणलं, 58 इंच पन्ह्याचं म्हणजे रुंदीचं, दीड मीटर. दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात जाड द्या. बेतताना एक शहाणपणा केला: आसन फाटतं म्हणजे तिथे जागा कमी पडते, असं धरून आसन दीड इंच खाली सोडलं.

दोन रविवार आणि चार सुया गेल्या. पँट झाली. उभी ठेवली तर माझ्याशिवाय उभी राहते. पण ती घालून आमच्या जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढता येत नाहीत. पाय उचलला की सगळी पँट गुडघ्याला धरून वर येते आणि मागून कंबर खाली ओढली जाते. जागा वाढवून घट्ट कशी झाली, हे मला कळलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

---

खोचक_पेठी | 14 जून, रात्री 11:20

दीड मीटर डेनिम, चार सुया, दोन रविवार. हिशोब मांडलात का? तेवढ्यात लक्ष्मी रोडला तयार पँट घेऊन, वर मिसळ खाऊन घरी आला असतात. असो. वाचतोय.

---

उसवलेला_गडी | 14 जून, रात्री 11:31

हिशोब मांडणारा असतो तर गड तरी कशाला चढलो असतो!

---

रंगीत_रीळ | 15 जून, सकाळी 9:05

आसनाचं नंतर. आधी सुयांचं सांगते, कारण चार सुया म्हणजे फार झाल्या.

मशीनला 14 नंबरची सुई असणार. शर्टाला ती ठीक. 10-12 औंसाला 16 नंबर हवी, आणि वरून दिसणाऱ्या दाबटिपेला जाड दोरा घेतलात तर 18. दुकानात "डेनिमची सुई" म्हणून वेगळी मागा, तिचं टोक घट्ट विणीतून नीट घुसतं. दुसरी गोष्ट, तुम्ही मागून कापड ओढत असाल. नवशिके सगळेच ओढतात. ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि तुटते. कापड सुईखालच्या दातऱ्यांना नेऊ द्या, हाताने फक्त दिशा दाखवा.

कंबरपट्टी आणि बाजूची शिवण जिथे भेटते तिथे सहा-आठ थर होतात. त्या उंचवट्यावर चढताना मशीनचा पाय पुढून वर उचलला जातो, मागून खाली राहतो, आणि टाके सुटतात. त्याच कापडाची एक चिंधी चार घड्या घालून पायाच्या मागच्या भागाखाली सरकवा. पाय सपाट झाला की मशीन निमूट चालते. तेवढे आठ-दहा टाके पायडल न मारता चाक हाताने फिरवून घालायचे. आणि शिवण्याआधी तो जाड भाग पाटीवर ठेवून हातोडीने ठोकायचा. हसू नका, मी खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकते.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या. रिळावर तिकीट नंबर असतो. नंबर जितका लहान तितका दोरा जाड, याने बरेच जण फसतात. 120 चा ब्लाउजला ठीक. पँटच्या शिवणीला 75 चा पाहा. टाका मोठा ठेवा, इंचाला आठ. जाड कापडात बारीक टाके घातले की ओळीने भोकं पडतात आणि कापड तिकिटासारखं फाटतं.

आणि कापड बेतण्याआधी धुतलं होतंत का?

---

उसवलेला_गडी | 15 जून, सकाळी 9:40

14 नंबरचीच आहे. दोरा 120 चा. मागून ओढत होतो. कापड धुतलं नव्हतं. काल धुतली पँट, लांबी इंचभर कमी झाली आणि दाबटिपांच्या रेषा चुरगळल्यासारख्या झाल्यात.

तुम्ही आमच्या खिडकीतून बघत होतात का?

---

रंगीत_रीळ | 15 जून, सकाळी 9:58

:) सुती कापड आटतं, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही, म्हणून चुरगळ. आधी आटवलेलं म्हणजे सॅनफोराइज्ड कापडसुद्धा दोन-तीन टक्के आटू शकतं. चाळीस इंच लांबीला तो तुमचा इंच. न आटवलेलं तर दहा टक्क्यांपर्यंत जातं. गरम पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, जमलं तर दोनदा. मगच कात्री.

---

कातळवेडा | 15 जून, दुपारी 1:15

मुळात ट्रेकला 12 औंसाचं डेनिम हा गुन्हा आहे. जुलैत तोरण्यावर भिजलेलं डेनिम घालून बघा, दोन्ही पायांना एकेक पायली भात बांधल्यासारखं वाटतं. घरी आणून वाळत घातलं की पुण्याच्या पावसात तीन दिवस कुबट वास.

माझं मत: 8 औंसाच्या आसपासचं कॉटन ट्विल (तिरक्या विणीचं कापड), किंवा त्यात थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं. लवकर वाळतं. रिपस्टॉप मिळालं तर उत्तमच, त्यात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट असते आणि फाटत चाललेला चिरा तिथे अडतो. पण एक अट: वीण घट्ट हवी. दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की कुसळं सैल विणीत अशी घुसतात की रात्री तंबूत चिमटा घेऊन बसावं लागतं.

---

रंगीत_रीळ | 15 जून, दुपारी 2:02

सुती कापड ओलं झालं की धागा कमजोर होत नाही, उलट थोडा मजबूत होतो. वजनाचं मात्र खरं.

कुणी कॅनव्हास सुचवण्याआधी सांगते. कॅनव्हासची वीण साधी, एक वर एक खाली. घासण्याला चांगला टिकतो. पण एकदा फाटायला लागला की धागे जागचे हलत नाहीत आणि एकेक करून तुटतात. ट्विलच्या तिरक्या विणीत धागे जवळ सरकून एकत्र जोर झेलतात. करवंदाच्या काट्यात अडकायचं असेल तर ट्विलच बरं.

---

निवृत्त_मास्तर | 16 जून, संध्याकाळी 6:30

(नातू टाइप करून देतोय.)

मी 41 वर्षं पँटी शिवल्या. शाळेच्या, लग्नाच्या, कारखान्याच्या. गड्या, तू कापडात बळ शोधतोयस. बळ बेतण्यात असतं.

तू आसन दीड इंच खाली सोडलंस तिथेच पाय बांधून घेतलास. शर्टाचा मुंढा खाली सोडला की हात वर करताना सगळा शर्ट वर येतो, बघितलं असशील. मुंढा काखेशी असला की हात एकटा वर जातो. आसनाचं तेच. ते जितकं अंगाजवळ तितका पाय मोकळा. खाली लोंबणारं आसन म्हणजे दोन मांड्यांना बांधलेली दोरी. पाय उचलला की सगळा ताण त्या एका ठिकाणी.

माप असं घे. लाकडी खुर्चीवर ताठ बस. कमरेपासून खुर्चीच्या पाटापर्यंत बाजूने टेप धर. त्यात चार ते सहा सूत मिळव. त्याच्यावर नाही. (नातू विचारतोय सूत म्हणजे काय. इंचाचा आठवा भाग रे.)

आता मागचा भाग. बसलं की पाठीकडून कापड जास्त लागतं. म्हणून मागची कंबर पुढच्यापेक्षा इंच-सव्वा इंच उंच ठेवायची आणि मागच्या आसनाची रेघ तिरकी घ्यायची, सरळ उभी नाही. तू फाटकी पँट उसवून नमुना केलास. ती तयार पँट कापड वाचवायला सरळ बेतलेली असणार, वर वापरून ताणून वाकडी झालेली. चुकीच्या कित्त्यावर अक्षर गिरवलंस.

तिसरं. दोन पाय आणि पुढची-मागची शिवण, चार शिवणी एका टिंबावर भेटतात. तिथेच फाटते. जुन्या पायजम्याला तिथे चौकोनी तुकडा असायचा, कोणी त्याला मियानी म्हणतात. तो घाल. पतंगासारखा, तयार झाल्यावर लांबीला 8 इंच, रुंदीला 3. चार शिवणी चार कोपऱ्यांत वाटल्या जातात आणि मांडी घालून बसता येतं.

आसनाची टीप मारताना कापड दोन्ही हातांनी थोडं ताणून धर. म्हणजे दोऱ्यात ढील राहते आणि बसताना दोरा तटकन तुटत नाही. दोन टिपा, एकमेकींपासून एक सूत. आम्ही शिकाऊ होतो तेव्हा मागचं आसन मशीनवर शिवूच देत नसत. दोऱ्याला मेण लावून हाताने उलट टीप, प्रत्येक टाका थोडा मागे येऊन. त्या पँटी कापड विरून गेल्या, आसन नाही गेलं.

---

काटकोन | 16 जून, रात्री 8:10

मास्तर, दंडवत. आमच्या भाषेत याला ताण एका बिंदूवर साचणं म्हणतात. पुलाच्या पत्र्यात कोपरे गोल का ठेवतात तेच हे.

खिशाच्या कोपऱ्यांचंही तसंच. जेकब डेव्हिस नावाचा शिंपी अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोने नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागितली, तेव्हा घोड्याच्या झुलींना लावायचे तांब्याचे रिव्हेट त्याने खिशाच्या कोपऱ्यांत ठोकले. पेटंटला पैसे नव्हते, म्हणून कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉसला भागीदार केलं. 20 मे 1873 ला दोघांना पेटंट मिळालं. म्हणजे गडी, तुमच्यासारख्याच एका तक्रारीतून जीन्स आली.

---

खोचक_पेठी | 16 जून, रात्री 8:44

अवांतर: अमेरिकेपर्यंत कशाला जाता? इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय. तिथे मिळणारं जाडंभरडं सुती कापड कंपनी सरकारच्या जहाजांतून बाहेर गेलं आणि नाव घेऊन गेलं. 'खाकी' आपल्याकडच्या खाकेवरून, म्हणजे धुळीवरून. डेनिम तेवढं फ्रान्सच्या नीम गावचं.

मी हिशोबाबद्दल बोललो ते मागे घेत नाही. पण मियानीचं वाचून कपाट उघडलं. वडिलांच्या पायजम्यात खरंच आहे.

---

जाई_जुई | 17 जून, सकाळी 11:00

मला गच्चीवरच्या बागेसाठी पँट शिवायची आहे. उकिडवं बसणं, गुडघे टेकणं, खिशात कात्री. बायकांच्या तयार पँटींना खिसे म्हणजे अर्धा फोन बाहेर लोंबतो, आणि काहींना तर नुसती खिशाची टीप, आत काहीच नाही! खिसा कशाचा करू?

---

रंगीत_रीळ | 17 जून, सकाळी 11:25

जाई, मांजरपाटाचा कर. पातळ अस्तराचा खिसा किल्ल्यांनी दोन महिन्यांत भोकं पडून जातो. मांजरपाट धुऊन घे, मग तळहात मनगटापर्यंत आत जाईल एवढा खोल बेत. कडा आत जातील अशी दुहेरी शिवण घाल. ओव्हरलॉकवर सोडू नकोस. खिशाची वरची कड कंबरपट्टीत अडकव म्हणजे कात्रीचं वजन कमरेवर येतं.

गुडघ्यावर दुसरा थर लावणार असशील तर तो आधी, पाय सपाट असताना लाव. नळी झाल्यावर मशीनखाली जात नाही, मी रडले आहे. गुडघ्याचा तुकडा कमीत कमी दहा इंच लांब घे, कारण बसल्यावर पँट वर सरकते आणि गुडघा भलत्याच जागी येतो. त्या तुकड्याची खालची कड थोडी उघडी ठेव, माती झटकता येते.

---

उसवलेला_गडी | 8 जुलै, रात्री 10:15

तीन आठवडे गायब होतो, कारण शिवत होतो.

मास्तर सांगतात तसं खुर्चीवर बसून माप घेतलं. पहिल्या पँटचं आसन आणि हे माप यांत तब्बल सव्वादोन इंचांचा फरक! थेट चांगल्या कापडाला हात लावायची हिंमत झाली नाही, म्हणून आधी मांजरपाटाची कच्ची पँट शिवली, मोठ्या टाक्यांनी, नुसते पाय आणि आसन. ती घालून हॉलमध्ये उकिडवा बसलो, मांडी घातली, सोफ्यावर पाय टाकला. आई म्हणाली, "शिवण क्लास आहे का व्यायामशाळा?" मागची कंबर अजून चार सूत वाढवावी लागली. मांजरपाटावरच खडूने खुणा केल्या, उसवून तोच नमुना केला.

कापड यावेळी खाकी ट्विल, दोनदा धुतलेलं. उभा धागा पायाच्या मध्यातून सरळ जाईल असं मांडलं. पहिल्या पँटला कापड वाचवायला एक पाय थोडा तिरका बेतला होता आणि ती शिवण आता नडगीवर फिरून आलीय.

मियानीने रडवलं. तीनदा उसवली. कोपऱ्यात सुरकुती येत होती. चौथ्यांदा कळलं की टीप कापडाच्या कडेपासून सुरू करायची नाही, जिथे दोन शिवणी भेटतात त्या खुणेवर सुई आधी हाताने खाली उतरवायची, मग चालू करायची, आणि पुढच्या खुणेवर थांबायचं. शिवणीपलीकडच्या मार्जिनमध्ये टीप गेली की कोपरा उलगडतच नाही.

आसन दोन टिपांनी, ताणून. शिवाय एक रात्र मेणाचा दोरा घेऊन मागच्या आसनाला हाताने उलट टीप घातली. अंगुस्तान नव्हतं, मधल्या बोटाला भोक पडलं. दुसऱ्या दिवशी तुळशीबागेतून आणलं.

अडलंय एकाच जागी: आमची मशीन सरळच शिवते, तिला काज जमत नाही. आणि खिशाच्या कोपऱ्यांना रिव्हेट नाहीत.

---

रंगीत_रीळ | 8 जुलै, रात्री 10:40

कोपऱ्यांना रिव्हेट नकोच, बसताना टोचतात. अर्ध्या इंचात पुढे-मागे, पुढे-मागे चार-पाच वेळा टीप मारा. झिगझॅग मशीन असेल तर बारीक, गच्च झिगझॅग. खिसा आणि पट्ट्याचे लूप दोन्हींना तेच.

काज बाहेर करून घ्या. पेठांमध्ये काज-बटण करून देणारे बसतात, मॅचिंग सेंटरवाल्याला विचारलं की तो बोट दाखवतो. जाताना बटण सोबत न्या.

---

कातळवेडा | 9 जुलै, सकाळी 7:50

खाकी? ट्रेकला वनरक्षक समजतील. रंग सोडून बाकी सगळं पसंत.

---

निवृत्त_मास्तर | 9 जुलै, संध्याकाळी 7:15

तीनदा उसवलीस ते बरं झालं. मी शिकाऊ असताना पहिले सहा महिने फक्त उसवायला बसवलं होतं. आतल्या बाजूचा फोटो टाक. बाहेरून सगळेच बघतात.

---

उसवलेला_गडी | 19 ऑक्टोबर, रात्री 9:30

फोटो टाकायला उशीर झाला, कारण पँट अंगातून निघत नव्हती.

जुलैपासून आजपर्यंत: सिंहगड सहा वेळा, दोन वेळा तोरणा, एकदा राजगड. राजगडला मुद्दाम त्याच घसाऱ्यावर बसून उतरलो. बरोबरचे लोक हसत होते. खाली आल्यावर हाताने चाचपून पाहिलं, मग दोन मित्रांना पाहायला लावलं. एक टाका गेलेला नाही. कापडाला मागे लव आलीय, दोन जागी रंग उडालाय. उजव्या बाजूचा एक लूप सुटला, पण तो मी पाण्याची बाटली लटकवून तोडला, त्यात शिंप्याचा दोष नाही. चेन मात्र गेली. स्वस्तातली प्लॅस्टिकची होती, आता पितळी लावली. ती बदलायला पूर्ण फ्लाय (चेनची पुढची पट्टी) उसवावी लागली आणि एक संध्याकाळ गेली.

परतीच्या एसटीत पूर्ण वेळ बसून आलो.

डेनिमची पहिली पँट कापली. तिच्या पायांचे गुडघ्यांचे तुकडे झाले, उरलेल्यात आईने भाजीची पिशवी शिवली. ती पिशवी अख्खी मंडई पेलते.

मास्तर, फोटो चिकटवलेत. एक आतून, एक बाहेरून.

---

जाई_जुई | 20 ऑक्टोबर, सकाळी 10:05

माझीही झाली! खिशात कात्री, फोन आणि बियांची पुडी मावते. मियानी दुसऱ्याच प्रयत्नात जमली, खुणेवर थांबायचं वाचलं होतं म्हणून. एक तक्रार: नवऱ्याने घालून बघितली आणि आता तो त्याची मागतोय.

---

खोचक_पेठी | 20 ऑक्टोबर, दुपारी 12:30

हिशोब: दीड मीटर ट्विल, एक चेन, एक अंगुस्तान, काज वेगळं. चार महिने, नऊ गड. बरं.

58 पन्ह्याचं दीड मीटर 38 कंबरेला पुरेल का? एका मित्रासाठी विचारतोय.

---

रंगीत_रीळ | 20 ऑक्टोबर, दुपारी 12:41

मित्राला सांगा, उंची पावणेसहा फुटांच्या आत असेल तर पुरेल. गुडघ्याला दुसरा थर हवा असेल तर पावणेदोन घ्या. 36 पन्ह्याचं असेल तर अडीच. आणि मित्राने आधी धुवावं.

---

निवृत्त_मास्तर | 20 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:50

आतला फोटो मोठा करून बघितला. हाताची उलट टीप बरी आहे, मधे दोन टाके लांब पडलेत, झोप आली असेल तेव्हा. मियानीचे कोपरे चांगले.

मागचा डावा खिसा उजव्यापेक्षा दोन सूत खाली आहे.

---

उसवलेला_गडी | 20 ऑक्टोबर, संध्याकाळी 7:04

फोटोवरून?

टेप लावून मोजलं. दोन सूतच.